सहा फोटो आणि एक माजघर : एचडीआरचा सराव मिळून करताना



गणपतीत आपल्याकडे घरोघरी जे फोटो निघतात, ते एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. एका फोटोत मूर्तीचा चेहरा छान आलेला असतो, पण मखरातल्या दिव्यांच्या माळा म्हणजे नुसते पांढरे ठिपके. दुसऱ्यात माळा नीट आल्या आहेत, पण बाप्पा अंधारात. मागची खिडकी दोन्हींत पांढरीफटक. आपण समोर उभे होतो तेव्हा मात्र मूर्ती, माळा आणि खिडकीबाहेरचा कडुलिंब हे सगळे एकाच वेळी दिसत होते.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे एचडीआर, अर्थात हाय डायनॅमिक रेंज. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे चार-सहा फोटो काढायचे आणि त्यांतले चांगले तेवढे एकत्र आणायचे. आपल्या मंडळातल्या फोटोग्राफीची आवड असलेल्या आम्ही आठ-दहा जणांनी गेल्या वर्षी याचा सराव केला. एकाने काढलेले फोटो सगळ्यांनी वाटून घेतले आणि प्रत्येकाने आपापल्या घरी त्यांवर काम केले. त्यातून जे कळले ते इथे मांडतो आहोत. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनीही जरूर वाचावे. या सरावाला कॅमेरा लागत नाही, साधा संगणक पुरतो.

माजघर

इंदुरात राजवाड्यामागच्या एका गल्लीत आपल्या एका सभासदांचा वाडा होता. होता म्हणायचे, कारण दिवाळीनंतर तो उतरवला. मागची भिंत खचली होती, भावाभावांचे वाटे झाले होते, दुसरा मार्ग उरला नव्हता. उतरवण्याआधी आतले फोटो काढून ठेवाल का, असे घरच्यांनी विचारले आणि आम्ही लगेच हो म्हटले.

चौक, जिना, दिवाणखाना यांचे फोटो सहज निघाले. अडले ते माजघरापाशी. त्याला चौकाकडे उघडणारी एकच खिडकी. सकाळी अकराला चौकात लख्ख ऊन आणि आत अर्धा अंधार. एका कोपऱ्यात देव्हारा, त्यापुढे निरांजन, समोरच्या भिंतीवर लंबकाचे घड्याळ, आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची भिंत धुराने पार काळवंडलेली. खिडकी साधली की खोली काळीकुट्ट, खोली साधली की खिडकी पांढरी. फ्लॅश मारून पाहिला, तर सगळी खोली सरकारी कचेरीसारखी सपाट दिसू लागली.

उजेड मोजायचा कसा

फोटोग्राफीत उजेड ‘स्टॉप’मध्ये मोजतात. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप उतरला. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. दहा स्टॉपला हा आकडा १,०२४ पटींवर जातो. आमच्या माजघरात चौकातले ऊन आणि दाराजवळचा कोपरा यांच्यात दहा स्टॉपांहून जास्त अंतर होते.

आपले डोळे खिडकीकडे वळले की बाहुली लहान होते, कोपऱ्याकडे वळले की मोठी होते, आणि या साऱ्याचे एक चित्र मेंदू आपल्याला जोडून देतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. तो एका फोटोसाठी एकच उजेड ठरवतो. हल्लीच्या चांगल्या कॅमेऱ्याची रॉ फाईल पुष्कळ स्टॉप पकडते हे खरे. पण सगळ्यात काळोख्या भागातला तपशील ओढून वर आणला की त्यात रंगीत दाणे दिसू लागतात. कॅमेऱ्यानेच तयार केलेल्या जेपीईजी फाईलमध्ये तर प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटच्या रॉ फाईलमध्ये त्या १६,३८४ असतात. म्हणून सरावासाठी रॉ फाईल मिळाली तर फारच चांगले.

सहा फोटो कसे काढले

कमी-जास्त उजेडाच्या फोटोंच्या अशा मालिकेला ब्रॅकेटिंग म्हणतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला. अ‍ॅपर्चर एफ-८ आणि आयएसओ १०० वर कायम केले. फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून तसेच ठेवले. बदलला तो फक्त शटरचा वेग :

१/५०० सेकंद
१/१२५ सेकंद
१/३० सेकंद
१/८ सेकंद
१/२ सेकंद
२ सेकंद

प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोच्या चौपट उजेड आहे, म्हणजे दोन-दोन स्टॉपांची पायरी. पहिल्यात आणि सहाव्यात सुमारे हजार पटींचा फरक पडतो. कॅमेऱ्याच्या आपोआप ब्रॅकेटिंगमध्ये पाचच फोटो येत होते. ते पाहिल्यावर दाराजवळचा कोपरा अजून काळाच दिसला, म्हणून दोन सेकंदांचा सहावा फोटो हाताने काढला. पुढे तोच सगळ्यात मोलाचा ठरला.

अ‍ॅपर्चर का बदलायचे नाही? ते बदलले की कुठवरच्या वस्तू स्पष्ट येतात तेही बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. आयएसओ वाढवला तर दाणे वाढतात. शटर दाबताना हात लागून कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. ट्रायपॉडवर असताना लेन्सची हलणे रोखणारी सोय बंद ठेवली.

वाटून घेण्याचा फायदा

हे सहा फोटो आम्ही सगळ्यांना दिले. कल्पना आमची नव्हे. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये एक शोधनिबंध मांडला. वेगवेगळ्या उजेडाच्या फोटोंवरून मूळ दृश्यातला प्रकाश कसा मोजून काढायचा, हे त्यात दाखवले होते. त्यासाठी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेमोरियल चर्चचे सोळा फोटो वापरले : ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, एकेका स्टॉपच्या अंतराने. आत अंधारे चर्च आणि वर रंगीत काचांच्या उजळ खिडक्या. ही मालिका पुढे अभ्यासकांना उपलब्ध झाली आणि जगभरच्या संशोधकांनी, विद्यार्थ्यांनी आपापली पद्धत त्याच चर्चवर पडताळून पाहिली. सगळ्यांचा कच्चा माल एकच असल्याने फरक पडला तर तो पद्धतीचा, हे लगेच कळते.

आपल्याकडे चकलीचे तसेच असते. भाजणी एकाच डब्यातली दिली तरी दहा घरच्या चकल्या दहा तऱ्हेच्या होतात. कुणाचे मोहन जास्त, कुणाची आच मोठी. भाजणीच वेगवेगळी असती तर दोष कुठे आहे ते सापडले नसते.

एकत्र करण्याच्या दोन वाटा

पहिली वाट खऱ्या अर्थाने एचडीआरची. संगणक आधी सहाही फोटो एकमेकांवर अचूक बसवतो. मग प्रत्येक ठिपक्याची किंमत त्या त्या फोटोच्या शटरवेळेने भागतो. जिथे फोटो पांढरा किंवा काळा झाला आहे तिथली माहिती बाजूला ठेवतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो. यातून ३२ बिटची एक फाईल तयार होते. तिच्यात ऊन आणि कोपरा यांचे प्रमाण जसेच्या तसे असते. अडचण अशी की साध्या पडद्यावर किंवा कागदावर एवढा फरक दाखवताच येत नाही. तो आवळून पडद्यात बसवायचा, याला टोन मॅपिंग म्हणतात. सगळी हातचलाखी इथे असते.

दुसरी वाट एक्स्पोजर फ्यूजनची. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी ती २००७ मध्ये मांडली. यात मधली ३२ बिटची फाईल बनतच नाही. प्रत्येक फोटोतला जो भाग स्पष्ट, रंगाने भरलेला आणि मध्यम उजेडाचा आहे त्याला जास्त वजन देऊन थेट अंतिम चित्र जुळवले जाते. यात कमी-जास्त करण्याजोगे फारसे काही नसते, म्हणून नवशिक्यांचे चित्र बिघडण्याची भीतीही कमी.

पहिल्या वाटेसाठी ल्युमिनन्स एचडीआर आणि दुसरीसाठी एन्फ्यूज हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. फोटो एकमेकांवर बसवायला ह्यूगिन आहे, तेही फुकट. ज्यांच्याकडे लाइटरूम, फोटोशॉप किंवा फोटोमॅटिक्स आहे त्यांना हे सारे एकाच ठिकाणी करता येते. सुरुवात फ्यूजनने करा, मग त्याच फोटोंवर टोन मॅपिंग करून दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा, असे आम्ही सुचवू.

काय काय चुकले

पंधरा दिवसांनी सगळ्यांची चित्रे एका पडद्यावर लावली. खूप हसलो आणि बरेच शिकलो.

पहिली चूक लंबकाची. सहा फोटो काढताना लंबक अर्थातच थांबला नव्हता. प्रत्येक फोटोत तो वेगळ्या जागी, आणि दोन सेकंदांच्या फोटोत तर नुसते धुके. एकाच्या चित्रात घड्याळाला तीन लंबक दिसत होते! निरांजनाच्या ज्योतीचेही तसेच. याला घोस्टिंग म्हणतात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ते काढण्याची सोय असते : हलणाऱ्या भागासाठी एकच फोटो निवडायचा आणि बाकीच्यांतला तेवढा भाग सोडून द्यायचा. आम्ही लंबकासाठी १/३० सेकंदाचा फोटो घेतला.

दुसरी चूक कडांची. खिडकीच्या गजांभोवती उजळ कडे आले होते, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तसे. टोन मॅपिंगमध्ये आजूबाजूचा भाग पाहून उजेड बदलणाऱ्या पद्धती असतात. त्यांचा जोर फार वाढवला की उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे असे कडे पडते. जोर कमी करणे हाच त्यावर उपाय.

तिसरी चूक रंगांची. अंधारातला रंग वर ओढला की तो भडक होतो. धुराने काळवंडलेली भिंत एकाकडे नारिंगी झाली होती, दुसऱ्याकडे जांभळी. त्यात खिडकीतला उजेड निळसर आणि निरांजनाचा पिवळा. उजेड साधल्यावर रंगाची तीव्रता थोडी उतरवावी लागते, हे जवळजवळ सगळ्यांनाच सांगावे लागले.

काकूंनी काय पाहिले

मग ती चित्रे घेऊन आम्ही घरच्या काकूंकडे गेलो. लग्न होऊन आल्यापासून त्या त्याच वाड्यात राहिलेल्या. आमच्या मते सगळ्यात चांगले उतरलेले चित्र आधी दाखवले. त्यात खिडकीबाहेरची तुळस दिसत होती, देव्हाऱ्यावरचे कोरीवकाम दिसत होते, कोपरे उजळले होते. काकूंनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘छान आहे रे, पण हे आमचं माजघर नाही. आमच्याकडे कोपऱ्यात एवढा उजेड कधी नव्हता. देवापुढे वाकलं की डोळ्यांना जरा वेळ लागायचा.’’

आम्ही गप्प झालो. मग फ्यूजन करून नंतर पुन्हा थोडे काळोखात नेलेले एक साधे चित्र दाखवले. त्यात खिडकी उजळ होती, निरांजन उठून दिसत होते आणि कोपरा कोपऱ्यासारखाच अंधारा होता. काकू म्हणाल्या, ‘‘हे. हे मला मोठं करून द्या.’’

शेवटी हसण्यासाठी म्हणून एक अगदी बिघडलेले चित्र दाखवले. आमच्यातल्या एका मुलाने सगळे आकडे टोकाला नेले होते. भिंत चामड्यासारखी खरबरीत दिसत होती. काकू हसल्या नाहीत. चष्मा सारखा करून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या भिंतीवर बोट ठेवले. तिथे चुन्यात ओरखडलेल्या बारीक उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून, ओळीने. आमच्यापैकी कुणाचेच तिकडे लक्ष गेले नव्हते. ‘‘या सासूबाईंच्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुधाच्या रतिबाचा हिशेब त्या तिथे ठेवायच्या. वही दिली तरी भिंतच. धुराखाली गेल्या असतील म्हणून मी विसरूनच गेले होते.’’

त्या रेघा दोन सेकंदांच्या सहाव्या फोटोत होत्या. इतर चित्रांमध्ये त्या सौम्य राहिल्या आणि डोळ्यांतून सुटल्या. जोर वाढवलेल्या चित्रात त्या वर आल्या. तोवर वाड्याचे छप्पर उतरवून झाले होते. ती भिंत प्रत्यक्ष जाऊन पाहणे आता शक्य नव्हते.

तेव्हापासून आम्ही एचडीआरची दोन कामे वेगळी धरतो. एक काम म्हणजे खोली डोळ्यांना जशी वाटायची तशी दाखवणे. त्यात अंधाराला अंधार राहू द्यायचा, आणि तो किती, हे त्या जागेत राहिलेल्या माणसाला विचारायचे. दुसरे काम नोंदीचे. तिथे सौंदर्य बाजूला ठेवून भिंतीत, लाकडात, कोनाड्यात जे जे आहे ते दिसेल असे करायचे. एकाच चित्राकडून दोन्ही मागितले की धड एकही होत नाही. चित्र करायला बसण्यापूर्वी आपण कोणते काम करतो आहोत ते ठरवावे, आणि फाईलच्या नावात ‘दर्शन’ किंवा ‘नोंद’ असे लिहून ठेवावे.

ही चिंता जुनीच आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे केली, तेव्हा काही चित्रांत आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून छापल्या. त्या काळच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत, म्हणून जमीन साधली की आकाश कोरे पांढरे येई. आपल्या इंदुराशीही फोटोग्राफीचे नाते जुने आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला आले. इथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहन त्यांना मिळाले. पुढे ते हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार झाले. त्या काळचे जुने फोटो पाहाल तेव्हा त्यांतले कोरे आकाश जरूर पाहा. त्यामागे हीच अडचण आहे.

फोटो वाटताना पाळायच्या गोष्टी

मूळ फोटोंना हात लावू नये. काम नेहमी प्रतीवर करावे. आमच्याकडे मूळ सहा फाईली दोन वेगवेगळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत. उद्या नवा प्रोग्रॅम आला तर याच फोटोंतून आजच्यापेक्षा चांगले चित्र निघेल. आजचे तयार चित्र कितीही सुंदर असले तरी त्यातून मूळ फोटो परत मिळत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये. तिथे तो आकसतो आणि शटरवेळेची माहितीही निघून जाते. ती माहिती नसेल तर संगणकाला कोणता फोटो किती उजेडाचा हे कळत नाही. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. त्याहून बरे म्हणजे पेन ड्राइव्ह.

फोल्डरला जागेचे नाव, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचे नाव द्यावे. तयार चित्रावर दोघांचीही नावे असावीत : ज्याने काढले आणि ज्याने घडवले. घराच्या आतले फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय वाटू नयेत. देवघर, कपाटे, भिंतीवरच्या तसबिरी ही त्यांची खाजगी बाब असते. आम्ही काकूंना प्रत्येक फोटो दाखवून मगच दिला. एक फोटो त्यांनी काढून टाकायला सांगितला, तो काढला.

घरी करून पाहण्यासाठी

कॅमेरा असेल तर आपल्याच देवघरापासून सुरुवात करा. संध्याकाळी दिवेलागणीला, खिडकीत थोडा उजेड शिल्लक असताना, दोन-दोन स्टॉपांच्या अंतराने तीन फोटो काढा. घरात ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत रचून कॅमेरा त्यावर टेकवा. बाहेर जायचे असेल तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या सरावाला उत्तम आहेत. आत कोरीव खांबांची सावली, बाहेर नदीकाठचे ऊन. माणसे ये-जा करत असतात, त्यामुळे घोस्टिंग काढण्याचाही सराव होतो.

मोबाईलमधले एचडीआर आपोआप होते. तो क्षणात अनेक फोटो घेऊन स्वतःच जोडतो. सणासमारंभासाठी ते पुरेसे आहे. पण तिथे किती अंधार ठेवायचा हे मोबाईल ठरवतो, आणि मधले फोटो सहसा आपल्या हाती येत नाहीत. ज्या जागा जाणार आहेत त्यांचे फोटो तरी वेगवेगळे काढून, सांभाळून ठेवावेत.

माजघराचे सहा फोटो काकूंच्या संमतीने मंडळाच्या वाचनालयातल्या संगणकावर ठेवले आहेत. पेन ड्राइव्ह आणा, प्रत घेऊन जा आणि आपले चित्र परत आणून द्या. आपल्या ओळखीत एखादा वाडा उतरणार असेल तर आधी कळवा. छप्पर काढण्याच्या आदल्या दिवशी नको, निदान महिनाभर आधी. काकूंच्या नव्या फ्लॅटमध्ये ते अंधारे चित्र देव्हाऱ्याशेजारी लावले आहे. रतिबाच्या रेघांचे चित्र त्यांनी मागून घेतले आणि स्वयंपाकघरात लावले.